केराबाईची मजुरी

माझ्या ऑफिसात कुणालाही तोटा होत नाही. भवानी पेठेत खाली टॉवेल-चादरींचं दुकान आणि वर मी, अशी माझी सी.ए.ची पाटी बरीच वर्षं लटकलेली आहे. या काळात बँकेच्या कर्जासाठी जेवढे म्हणून प्रोजेक्ट रिपोर्ट मी केले, त्या प्रत्येकात पहिल्या वर्षापासून नफा आहे. माझ्या रिपोर्टातल्या गाई बारा महिने दूध देतात. कोंबड्यांवर रोग पडत नाही, यंत्रमाग बंद पडत नाही आणि गिऱ्हाईक उधारी बुडवत नाही. कर्ज घेणाऱ्याला हे ठाऊक असतं आणि बँकेच्या साहेबालाही. सगळ्यांनी मिळून डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचं असतं, आणि ते नीट ओढून देण्याचे मी पैसे घेतो.

अशा ठिकाणी प्रियंकासारखी मुलगी नोकरीला ठेवणं म्हणजे हातानं पायावर धोंडा पाडून घेणं. पण एम.बी.ए. फायनान्स झालेली, पहिल्या वर्गातली मुलगी एवढ्याशा पगारावर मिळतेय म्हटल्यावर मी मोह आवरला नाही. नातेपुत्याच्या बाजूच्या एका वाडीवरच्या धनगर घरातली ती. वडील मेंढ्या राखतात, वर्षातले सात-आठ महिने सगळं घर मेंढ्यांमागं रानोमाळ. ही मात्र आधी आश्रमशाळेत, मग सोलापुरात हॉस्टेलवर राहून शिकली. कामाला वाघीण. खोड एकच, कुठलाही कागद हातात आला की विचारायची, "सर, हा आकडा कुठून आला?" माझ्या धंद्यात या प्रश्नाला एकच उत्तर असतं, मागच्या रिपोर्टातून. ते मी तिला दिलं की ती मान खाली घालून काम करायची, पण तिच्या मानेवरून कळायचं की तिला पटलेलं नाही.

दिवाळीच्या आधी एक दिवस ती केबिनमध्ये आली आणि उभीच राहिली.

"सर, घरचे येणार आहेत. धनाजीला, माझ्या भावाला, कर्ज काढायचंय. कळप दुप्पट करायचा म्हणतोय. रिपोर्ट आपल्याच ऑफिसातून हवाय त्यांना."

"मग कर की. आपल्या घरचं काम आहे. फी लावू नकोस."

"मीच करू का सर? माझ्या पद्धतीनं?"

मी त्या वेळी जीएसटीच्या कटकटीत होतो. हो म्हणून टाकलं.

ठरलेल्या दिवशी दुपारी ते तिघं आले. धनाजी पुढं, डोळ्यांवरचा गॉगल केसांत खोचलेला, हातात मोठा मोबाइल. त्याच्यामागं मायाप्पा, लाल फेटा, खांद्यावर घोंगडी, उन्हानं रापलेला शांत चेहरा. प्रियंकाची आई, केराबाई, मात्र बराच वेळ वर आली नाही. आमचा जिना उभा आहे. प्रियंका खाली धावली. मी दारातून पाहिलं, तर बाई अर्ध्या जिन्यात पायरीवर बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी गुडघा दाबत होत्या. वर आल्यावर त्या खुर्चीवर बसायला तयार होईनात. शेवटी लेकीनं दंड धरून बसवलं, तेव्हा टोकावर टेकल्या.

चहा आला. मी आपलं बोलायचं म्हणून मायाप्पाला विचारलं, "मेंढ्या किती आहेत तुमच्या?"

मायाप्पानं कपातल्या चहाकडं पाहिलं. जरा वेळानं म्हणाला, "हायत की. देवाच्या दयेनं वाघर भरून हायत."

वाघर म्हणजे रात्री मेंढ्यांभोवती लावतात ती जाळी. मला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. मी पुन्हा विचारणार तेवढ्यात प्रियंका म्हणाली, "सर, आमच्यात कळप मोजत नाहीत. मोजला की घटतो म्हणतात. आकडा मी घेतलाय धनाजीकडून."

"मग एखादी हरवली तर कळतं कसं?"

"येकांदं त्वांड दिसंना झालं की कळतंय की," मायाप्पा म्हणाला. त्याला माझ्या प्रश्नाची गंमत वाटली असावी. मग त्यानं कप खाली ठेवला आणि मला उद्देशून, पण लेकीकडं बघत म्हणाला, "सायेब, हिला शिकवली तवा भावकीनं लई नावं ठिवली. पोरीचं लगीन लांबवलंस, मेंढरामागं यक मानूस कमी केलंस म्हनले. आता हिच्याच कागदावर बँक पैसं देनार. म्हंजे शिकवल्याचं चीज झालं की न्हाय?"

"झालं ना," मी म्हणालो.  प्रियंकानं संगणकाचा पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

मला वाटलं होतं माझ्याच साच्यात आकडे भरलेले असतील. तसं नव्हतं. तिनं कोकरांच्या विक्रीपासून सुरुवात केली. व्यापारी कोकरं उक्ती, नजरेच्या अंदाजानं घेतो, त्यात किती मार बसतो ते सांगितलं. लोकरीला आता भावच उरलेला नाही, कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा निघत नाही, हे सांगितलं. शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात बसवून घेतात आणि त्याबद्दल ज्वारी देतात, ती तिनं पैशात धरली होती. मग औषधं, चाराटंचाई, लांडग्यानं नेलेली, रस्त्यावर गाडीखाली गेलेली, कोंडीबा नावाच्या नोकर-गड्याचा पगार. एवढं जाऊन खाली नफा उरत होता. फार नाही, पण होता.

"मंग झालं की," धनाजी म्हणाला. "कळप डबल केला की ह्यो नफा डबल."

"अजून एक ओळ राहिलीय," प्रियंका म्हणाली.

तिनं पडदा खाली सरकवला. तिथं लिहिलं होतं, केराबाई मायाप्पा यांची मजुरी.

 खालच्या दुकानात कुणीतरी चादरी झटकत होतं, तो आवाज तेवढा येत होता. प्रियंकानं वाचून दाखवायला सुरुवात केली. आवाज सरळ होता. दिवस उजाडायच्या आत भाकरी. मग पाल मोडून सगळं बिऱ्हाड घोड्यावर चढवायचं आणि पुढच्या मुक्कामापर्यंत चालायचं. तिथं पुन्हा पाल ठोकायचं, पाणी लांबून डोक्यावर आणायचं. त्या दिवशी जन्मलेली कोकरं कडेवर घेऊन चालायचं, लंगड्या मेंढीला मलम लावायचं, वाघर लावायची. पुरुष मेंढ्या चारतात, तेवढं सोडून बाकीचं सगळं.

"कळप दुप्पट झाला, तर चारायला एक गडी वाढवून भागेल," ती म्हणाली. "पण कोकरं दुप्पट, माणसं जास्त, पाणी जास्त, भाकरी जास्त. ते सगळं आईच्या अंगावर. डॉक्टरांनी तिला यंदाच चालू नको म्हणून सांगितलंय. दोन्ही गुडघ्यांची वाटी झिजलीय. मी फोटो बघितलेत. ही ओळ धरली नाही, तर रिपोर्टात नफा दिसेल, कर्ज मिळेल आणि आई आणखी दहा वर्षं चालेल. चालवलं तर."

माझ्यातला धंदेवाईक माणूस जागा झाला. "प्रियंका, घरच्या माणसाची मजुरी धरत नाहीत."

"कुठं लिहिलंय सर?"

"लिहिलेलं नाही कुठं. पण धरत नाहीत."

"आम्हाला शिकवलं होतं सर. मालक स्वतःच्या धंद्यात राबतो, तेच कष्ट त्यानं दुसरीकडं केले असते तर जे मिळालं असतं, ते खर्चात धरायचं, नाहीतर नफा खोटा. परीक्षेत मी कारखानदाराचं उदाहरण लिहिलं, पैकीच्या पैकी मार्क पडले. सुट्टीत मुक्कामावर गेले, तेव्हा आई घोड्यावर तवा-परात बांधत होती. तोवर मला सुचलंच नव्हतं की ते उदाहरण आमच्याच घरात आहे."

तिनं कळ दाबली. नफ्याच्या जागी तोटा आला, लाल अक्षरांत. आमच्या संगणकावर तो रंग क्वचितच येतो. मी चष्मा काढून पुसला.

मायाप्पाला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग कळला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता थकल्यासारखा माझ्याकडं वळला. "बगा सायेब. मोजलं, आन् घटलं."

 त्याच्या हिशेबानं तो शंभर टक्के खरा होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोष्टीला आकडा लावायचा नाही म्हणून जपलं, तिला पोटच्या पोरीनं आकडा लावला आणि डोळ्यांदेखत बरकत गेली. मला त्या माणसाचं वाईट वाटलं. पोरगी खोटं बोलत नाही हे दिसत होतं, तरीही वाटलं.

धनाजीचा मात्र तोल गेला. "आय घरचीच हाय की. तिला कसला पगार? आन् धरायचंच हाय तर तुला शिकवायला जे घातलं ते बी धर. हॉस्टेल, फी, येष्टीचा पास. ते कुटं लिवलंस? सोताचं सोडून बरं सगळ्यांचं मोजाय येतंय तुला."

प्रियंकाचा चेहरा उतरला. ती पडद्याकडं बघत राहिली. खरंच नव्हतं लिहिलं तिनं ते.

"त्ये माज्यातलंच हाय."

केराबाई बोलल्या होत्या. आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य. पदर डोक्यावर नीट केला आणि त्या लेकाकडं बघून सावकाश म्हणाल्या, "शेतकरी मेंढरं बसवल्याची जवारी देतो, ती आमा बायकांकडं असती. आदीपासनं. खायाला ठिवून उरल ती मी इकायची. हिची फी त्यातनं गेली. मेंढरातलं यक शेपूट बी इकाय लागलं न्हाय तुमाला. तुमी कुनी इच्यारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय."

मायाप्पानं बायकोकडं पाहिलं. मला वाटतं, त्याला हे माहीत होतं आणि नव्हतंही. घरात पोटभर भाकरी असली की ज्वारी किती आली आणि किती गेली हे पुरुष विचारत नाहीत, आमच्या पांढरपेशा घरांतही असंच आहे.

"पिरंके," केराबाईंनी विचारलं, "मला कितीला धरलंस?"

"वर्षाला पावणेदोन लाख. कोंडीबाला तुम्ही जेवढं देता, तेवढंच धरलंय. एक पैसा जास्त नाही."

"कोंडीबायेवडं?"

"हो."

 एरवी आकडा ऐकून माणसं एक तर हसतात, नाहीतर घासाघीस करतात. केराबाईंनी यातलं काही केलं नाही. त्या आकड्याशी जणू ओळख करून घेत असाव्यात. मग म्हणाल्या, "हे मला कोन देनार हाय, का नुसतं लिवायचं?"

प्रियंकाचा हात कळफलकाकडं गेला. 

"नुसतं लिवायचं आसलं तरी आसू दे," केराबाई म्हणाल्या. "खोडू नगंस."

मायाप्पा बराच वेळ घोंगडीच्या काठावरून बोट फिरवत बसला. मग त्यानं माझ्याकडं तोंड केलं. "सायेब, ती वळ काडली तर कर्ज हुतंय?"

"होतंय."

"आन् ठिवली तर?"

"नाही होणार."

एक ओळ पुसायला किती वेळ लागतो? मी तसल्या कितीतरी ओळी पुसल्या आहेत आणि घरी जाऊन नीट जेवलो आहे. त्या दुपारी मात्र माझी इच्छा होती की म्हाताऱ्यानं ती पुसा म्हणू नये. का, ते मला सांगता येणार नाही. त्यात माझा काहीच फायदा नव्हता. केराबाई पुन्हा गुडघा चोळू लागल्या होत्या, नकळत, सवयीनं. मायाप्पाची नजर त्या हातावर गेली आणि तिथंच राहिली.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

धनाजी खुर्ची सरकवून उठला आणि जिना उतरून गेला. त्याचा गॉगल टेबलावर राहिला होता. प्रियंकानं तो आईच्या पिशवीत टाकला.

पुढं जे झालं ते प्रियंकाकडून तुकड्या-तुकड्यांत कळलं. तिनं त्याच रिपोर्टाच्या शेवटी आणखी एक पान जोडलं होतं, जे त्या दिवशी कुणी पाहिलंच नाही. कळप वाढवायचा नाही, उलट कमी करायचा. लांबच्या वाटा सोडायच्या. कोकरं उक्ती न विकता वजनावर विकायची. मायाप्पानं ते पान तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि कळपाचा मोठा हिस्सा वजनावर विकायला काढला. काट्यावर एकेक जनावर चढत होतं आणि व्यापाऱ्याचा माणूस मोठ्यानं आकडा म्हणत होता, तेवढा वेळ तो पाठ फिरवून उभा होता म्हणे. पैसे मात्र उक्त्यापेक्षा बरेच जास्त आले. धनाजीसुद्धा त्यावर गप्प बसला. त्या पैशांतून सोलापुरात केराबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उरलेल्या मेंढ्या घेऊन धनाजी आणि कोंडीबा गेले. आई लेकीच्या खोलीवर आली, आमच्याच पेठेत, मागच्या बोळात.

मी भेटायला गेलो तो रविवार होता. बायकोनं डब्यात शेंगाची चटणी दिली होती. खोली पहिल्या मजल्यावर. केराबाई कॉटवर पाय लांब करून बसल्या होत्या, भिंतीला उशी लावून. स्वच्छ धुतलेलं लुगडं, केसांना तेल. तब्येत सुधारलेली दिसत होती. मायाप्पा बायकोला बघायला आला होता, तो दाराशी जमिनीवर बसला होता. बंद खोलीत त्याला गुदमरत असावं. प्रियंका ओट्याशी चहा करत होती.

मी मोठ्या उत्साहानं बोलत सुटलो. तुमच्या लेकीनं सांगितलं तसंच झालं बघा, म्हणालो. कळप लहान, पण हातात जास्त राहतंय. आम्ही पैसे घेऊन खोटं लिहितो, तिनं खरं लिहून घर वाचवलं. शिक्षणाचं चीज म्हणतात ते हेच. मी मनापासून बोलत होतो. मायाप्पा मान डोलवत होता.

केराबाई ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "सायेब, यक इच्यारू?"

"विचारा की."

"तवा मला कोंडीबायेवडं धरलं व्हतं. आता मी हितं नुसती पडून हाय. भाकर हीच करती, पानी हीच देती. खाली बसायचं न्हाय, वझं उचलायचं न्हाय. मंग आता कागदावर माजं किती धरायचं?"

 आयुष्यभर मी आकड्यांना हवं तसं वळवलं, पण त्या बाईंच्या तोंडासमोर मला एकही आकडा सुचला नाही, आणि आकड्याऐवजी काय म्हणायचं तेही सुचलं नाही. मायाप्पानं फेटा काढून मांडीवर ठेवला.

"आई, ते त्या रिपोर्टापुरतं होतं गं," प्रियंका ओट्याकडून म्हणाली.

"तुज्यासाटी रिपोर्टापुरतं. मला जल्मात पयल्यांदाच कुनीतरी सांगितलं व्हतं, माजी किंमत किती ते. आन् सांगितलं तसं लगीच बसवून ठिवलं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. रोज पडल्या पडल्या त्या हाच विचार करत असणार, एवढंच त्यातून कळत होतं. प्रियंकानं गॅस बंद केला. ती आली आणि कॉटच्या कडेला आईच्या पायाशी बसली, ऑपरेशनच्या गुडघ्याला धक्का लागणार नाही अशी. तिचे डोळे भरून आले होते. माझ्यासमोर ती कधी रडली नव्हती.

केराबाईंनी पुढं वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नगं. तू केलंस ते बरुबरच केलंस. माजा पाय तुज्यामुळं हाय. पर ह्याचं उत्तर बी शिकिवत्यात का, तुमच्या कालेजात?"

प्रियंकानं आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं, लहान मुलीसारखं.

"न्हाय शिकवत, आये," ती म्हणाली.